घोड्यावरून विनासाहाय्य उतरणेबाबत

घोड्यावर बसलेल्या माणसांचे पुतळे पुष्कळ असतात. घोड्यावरून उतरणाऱ्या माणसाचा पुतळा कुणी पाहिलाय का? हेडक्लार्कांना हा प्रश्न वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी पडला, आणि पडला तेव्हा ते घोड्यावरच होते. चढताना माणसाची छाती पुढे असते, मान ताठ असते, बघणाऱ्याला कौतुक वाटतं. उतरताना शरीराचा जो भाग सर्वांत आधी लोकांसमोर येतो, तो कुठल्याही चौकात उभारण्यासारखा नसतो. शिल्पकारांनी म्हणूनच हा विषय टाळला असावा, असा निष्कर्ष त्यांनी काढला. विचार करायला वेळ भरपूर होता. सव्वा तास झाला होता आणि त्यांना अजून खाली येता आलेलं नव्हतं.

हेडक्लार्क ज्या खात्यात होते त्याचं काम साधं होतं. गावागावांच्या हद्दीवर दगड रोवलेले असतात, ते जागच्या जागी आहेत की नाहीत हे पाहायचं आणि तसं लिहून ठेवायचं. दगड सहसा जागच्या जागी असतात. त्यामुळे खात्यात धावपळ अशी कधी नसे, आणि जी काही होई ती दगडांमुळे नव्हे, नियमांमुळे होई. नियम म्हणजे हेडक्लार्कांचं राज्य. सुट्टीच्या अर्जावर सही उजवीकडे की डावीकडे, छत्री कचेरीच्या आत आणावी की बाहेर ठेवावी, सगळं त्यांना तोंडपाठ. मागे लोक त्यांना 'पोटनियम' म्हणत. हे त्यांना माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर ते ऐकून त्यांना फारसं वाईट वाटत नसे.

एकतीस वर्षं ते एकाच हॉलमध्ये, एकाच टेबलाशी, दोन कपाटांच्या मधल्या बोळात बसत आले होते. डबा उघडला की बावीस माणसांना वास जाई आणि त्यातले चार जण तरी उठून बघायला येत. फोनवर बायकोशी बोलायचं तर सगळा हॉल पेन खाली ठेवून ऐके. अशात निरीक्षकाची जागा रिकामी झाली. निरीक्षकाला स्वतंत्र खोली असते, आणि त्या खोलीला दार असतं. हेडक्लार्कांना पदाचा मोह नव्हता, असं ते स्वतःला सांगत. त्यांना दार हवं होतं. निवृत्तीला चौदा महिने उरले होते. चौदा महिने दार लावून डबा खायचा, एवढीच त्यांची अपेक्षा होती.

अर्ज दोनच आले. दुसरा होता आवक-जावक टेबलावरच्या कारकुनाचा. कचेरीत येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक कागदावर क्रमांक घालायचं काम इतकी वर्षं केल्यामुळे त्याचं खरं नाव लोक विसरले होते. सगळे त्याला आवकजावक म्हणत आणि तोही ओ देई. बारा वर्षांनी लहान, अंगाने सडपातळ, बोलायला मऊ. कुणाची सून बाळंत झाली, कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, याला सगळं ठाऊक. मोठ्या साहेबांचा ओढा त्याच्याकडे आहे अशी कुणकुण लागली, तेव्हा हेडक्लार्कांनी खालच्या फडताळातून जुनी नियमावली काढली, फुंकर मारली, आणि नियम एकवीस, पोटनियम चारवर बोट ठेवलं.

रस्ते नव्हते त्या काळातला तो पोटनियम. निरीक्षक तेव्हा घोड्यावरून दगड पाहत हिंडत. 'निरीक्षकपदाच्या उमेदवाराने मंडळासमक्ष घोड्यावर बसून मैदानास तीन फेऱ्या घालाव्यात, व त्यानंतर विनासाहाय्य आणि सुस्थितीत खाली उतरावे.' घोडे गेले, निरीक्षक बसने जाऊ लागले, पण पोटनियम रद्द करायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. हेडक्लार्कांनी कुणाचंही नाव न घेता, 'केवळ नियमाकडे लक्ष वेधण्यासाठी' असं म्हणत, एक पानी टिपण लिहून रस्त्यापलीकडच्या इमारतीत मोठ्या साहेबांकडे धाडून दिलं. आवकजावकला जनावरांची भीती होती. रस्त्यात शेळी दिसली तरी तो पलीकडच्या फुटपाथवर जाई. हेडक्लार्कांना हे ठाऊक होतं, हे वेगळं सांगायला नको.

तीन दिवसांनी टिपण परत आलं. समासात मोठ्या साहेबांचं अक्षर होतं: 'पाहिले. दोन्ही उमेदवारांस लागू. परीक्षा सहा आठवड्यांनी.'

एकतीस वर्षं नियम दुसऱ्यांना लावण्यात गेल्यामुळे तो स्वतःलाही लागू होतो, ही शक्यता हेडक्लार्कांच्या ध्यानातच आली नव्हती. आवकजावकने पाऊण तासाच्या आत अर्ज मागे घेतला आणि वर त्यांच्या टेबलाशी येऊन म्हणाला, "भाऊ, तुम्ही व्हा निरीक्षक. तुम्हाला शोभेल." हेडक्लार्कांनी खाकरून मान हलवली. आता मैदानात ते एकटेच उरले होते, आणि घोडा.

घोड्यावर बसायला शिकवणारं एक मैदान गावाबाहेर होतं. ते चालवणारा घोडेमास्तर हा तोंडात गवताची काडी धरून बोलणारा, म्हणजे जवळजवळ न बोलणारा माणूस होता. त्याने हेडक्लार्कांना खालपासून वरपर्यंत पाहिलं, पुन्हा मधल्या भागावर नजर आणून थांबवली आणि आतून एक तपकिरी, रुंद पाठीची, वयस्कर घोडी आणली. तिला सगळे मावशी म्हणत. नवशिक्यांसाठी जमिनीत पक्का रोवलेला एक तीन पायऱ्यांचा लाकडी ठोकळा होता. मावशी त्याच्याशेजारी येऊन आपण होऊन उभी राहिली, हेडक्लार्क पायऱ्या चढून तिच्यावर बसले, आणि दोघं मैदानाला फेरी मारून आले. इतकं सोपं असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. दुसऱ्या फेरीला तर त्यांनी कुंपणाबाहेरच्या एका सायकलवाल्याला हात केला.

"बसणं जमतंय," घोडेमास्तर म्हणाला. "उतरा."

उतरायची पद्धत त्याने दाखवली होती. पुढे वाकायचं, उजवा पाय मागून घोड्याच्या पाठीवरून इकडे आणायचा आणि अलगद खाली यायचं. हेडक्लार्क पुढे वाकले. उजवा पाय रिकिबीतून निघाला, मागे गेला, मावशीच्या कमरेपर्यंत वर चढला आणि तिथे थांबला. पुढे जावं असं त्यांना वाटत होतं. पायाला तसं वाटत नव्हतं. दोन्हीकडून बराच वेळ विचारविनिमय झाला. शेवटी पाय जिथून आला होता तिथे परत गेला.

तुम्ही म्हणाल, ज्या ठोकळ्यावरून चढले त्याच ठोकळ्यावर उतरावं. पण चढताना ठोकळ्याशी उभं राहणं हे मावशीच्या कामात येत होतं; उतरताना उभं राहणं येत नव्हतं. फेऱ्या संपल्या की ती थेट चाऱ्याच्या गव्हाणीशी जाई, आणि तिथून तिला हलवणं घोडेमास्तरालाही जमत नसे. पहिल्या दिवशी सव्वा तासाने त्याने एक तोड काढली. गव्हाणीमागे पुरुषभर उंचीची भिंत होती, तिच्यावर उतरा म्हणाला. हेडक्लार्क उतरले. मावशी बाजूला झाली. आता ते घोड्यावर नव्हते, भिंतीवर होते, आणि भिंतीला रिकीबही नव्हती. शिडी आणायला घोडेमास्तर गेला त्या वेळात घोडेस्वारी शिकणाऱ्या आठ-दहा मुली खालून गेल्या. त्यातल्या एकीने "नमस्कार काका" म्हटलं. भिंतीवरून नमस्कार कसा करायचा याचा नियम त्यांना आठवेना.

घरी गेल्यावर त्यांनी बायकोला फक्त एवढंच सांगितलं, की बसणं जमलं.

"आणि उतरणं?" बायकोने विचारलं. ती मटार सोलत होती आणि तिने वरही पाहिलं नव्हतं. बावीस माणसांना जे कळत नसे ते हिला पाठ करून बसलं तरी कळे.

दुसऱ्या दिवशी हेडक्लार्कांनी नवी फाईल उघडली. वर ठळक अक्षरात लिहिलं, 'विषय: घोड्यावरून विनासाहाय्य उतरणेबाबत'. अडचण फाईलमध्ये गेली की अर्धी कमी होते, असा त्यांचा अनुभव होता. उरलेली अर्धी शेजाऱ्यांनी वाढवली.

वरच्या मजल्यावर एक निवृत्त कवायत-मास्तर राहत. जिन्यातून चढताना हेडक्लार्क कण्हतात हे ऐकून ते खाली आले, सगळं विचारून घेतलं, आणि गळ्यातली शिट्टी चाचपून म्हणाले, "हा सरावाचा प्रश्न आहे. सोफा कुठाय?" सोफ्याच्या पाठीवर उशा बांधून घोडा तयार झाला. तो मागे कलंडू नये म्हणून बायकोला समोर सोफ्यावर बसवलं. ती मटाराची परात घेऊन बसली. शिट्टी वाजली की हेडक्लार्कांनी पाय उचलायचा, दुसऱ्या शिट्टीला पलीकडे न्यायचा, तिसऱ्या शिट्टीला जमिनीवर यायचं. पहिले दोन दिवस ते दुसऱ्या शिट्टीपर्यंत पोचले. तिसऱ्या दिवशी दाराची घंटा वाजली आणि बायको उठली. सोफा, उशा आणि हेडक्लार्क तिन्ही शिट्ट्यांच्या आधीच जमिनीवर आले.

"बघा, उतरलात," कवायत-मास्तर म्हणाले.

"सुस्थितीत नाही," हेडक्लार्क खालून म्हणाले. नियमात काय लिहिलंय याचा विसर त्यांना कुठल्याही अवस्थेत पडत नसे.

दारात शिंपी होता. तो तळमजल्यावर राहत असे, आणि शिट्ट्यांचा आवाज ऐकून चौकशीला आला होता. त्याने हेडक्लार्कांना उभं केलं, टेप काढून मागून-पुढून मापं घेतली आणि निदान केलं, की पायात काही दोष नाही, दोष पँटमध्ये आहे. आसनात कापड कमी पडतंय, पाय अडकणारच. त्याने ऐसपैस आसनाची नवी पँट शिवून दिली. ती घालून हेडक्लार्क मावशीवर बसले आणि त्या दिवशी पाय खरोखर एक वीत जास्त वर गेला. मात्र आसनातलं जास्तीचं कापड खोगिराच्या मागच्या कडीत अडकलं. पुढे जाता येईना, मागे येता येईना. घोडेमास्तराने कात्री आणली. ती पँट आता बायको खिडक्या पुसायला वापरते.

मेहुणा विमा एजंट होता आणि त्यामुळे कुठल्याही आपत्तीवर त्याचं मत तयार असे. "भावजी, तुम्ही चुकीच्या बाजूने विचार करताय," तो म्हणाला. "तुम्ही खाली यायची काय गरज? घोडीला खाली बसवा. उंट बसतो की नाही?" हेडक्लार्कांना यात तथ्य वाटलं. त्यांनी घोडेमास्तराला विचारलं. घोडेमास्तराने काडी तोंडाच्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेली आणि म्हणाला, "तिला सांगून बघा." हेडक्लार्कांनी खरंच सांगून पाहिलं, हे त्यांनी फाईलमध्ये लिहिलेलं नाही.

बाकीच्या पद्धती मात्र क्रमवार नोंदलेल्या आहेत. पाय मागून येत नसेल तर पुढून आणावा, म्हणून त्यांनी तो मावशीच्या मानेवरून आणायचा प्रयत्न केला. मावशीने त्याच वेळी मान वर केली. मग बराच वेळ ते तिच्या गळ्यात पडून होते आणि लांबून बघणाऱ्याला दोघांचं फार जुनं नातं असावं असं वाटलं असतं. शेपटीकडून घसरत यायची कल्पनाही त्यांना सुचली होती. त्यावर घोडेमास्तराने आपल्या आयुष्यातलं बहुधा सर्वांत लांब वाक्य उच्चारलं: "मागून नको साहेब, तिथे कोण आलंय हे तिला दिसत नाही आणि ती विचारतही बसत नाही." शेवटी पोटावर आडवं होऊन घसरायची पद्धत त्यांना सापडली. ती खरोखर आरामाची होती. एवढी आरामाची, की मध्यावर पोचल्यावर ते जरा विसावले. तेवढ्यात मावशी गव्हाणीकडे निघाली. दोन्हीकडे अर्धे अर्धे लोंबकळत हेडक्लार्क पूर्ण मैदान ओलांडून गेले. समोरून त्या मुली आल्या. या वेळी कुणी नमस्कार केला नाही, आणि ते त्यांना जास्त लागलं.

गल्लीतला सुतार मात्र कामाचा निघाला. त्याने एक हलकी, घडीची, दोन पायऱ्यांची घोडी बनवली. ही लाकडी घोडी त्या घोडीशेजारी मांडली की पाय टेकायला जागा मिळे, आणि गव्हाणीशी मावशी अगदी स्थिर उभी असल्यामुळे हेडक्लार्क पहिल्यांदाच माणसासारखे खाली आले. त्या संध्याकाळी त्यांनी बायकोसाठी गजरा आणावा तसा सुतारासाठी पेढ्यांचा पुडा आणायचं मनात घेतलं होतं. पण ते स्वभावाने हेडक्लार्क असल्यामुळे आधी मुख्यालयाला पत्र लिहिलं. 'उतरताना लाकडी पायरी वापरणे हे साहाय्य समजावे किंवा कसे?' कुणी विचारलं नव्हतं. विचारलं नसतं तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं. परीक्षेच्या चार दिवस आधी उत्तर आलं. 'चढताना पायरी वापरण्यास पूर्वापार वहिवाट आहे. उतरताना पायरीचा उल्लेख नियमात नाही. सबब ती साहाय्य समजण्यात येईल.'

बायकोने पत्र दोनदा वाचलं. "विचारायला कशाला गेलात?" ती म्हणाली.

"उद्या कुणी आक्षेप घेतला असता तर?"

"कोण घेणार होतं? असले आक्षेप घेणारे कचेरीत तुम्ही एकटेच आहात."

त्या रात्रीचं जेवण हेडक्लार्कांनी उभ्यानेच घेतलं, पण ते रागाने नव्हे, खोगिरामुळे.

परीक्षेच्या दिवशी सकाळी दहाला सगळी कचेरी मैदानावर हजर होती. मंडळात तिघं होते. मोठे साहेब, उमेदवाराची सुस्थिती तपासायला डॉक्टर, आणि सुस्थिती कुणाची हे नियमात स्पष्ट नसल्यामुळे घोडीची तपासायला गुरांचे डॉक्टर. नोंदवही घेऊन आवकजावकला लांब एका खुर्चीवर बसवलं होतं. इतकं लांब, की त्याला घोडा साधारण मांजराएवढा दिसावा.

हेडक्लार्क चढले आणि निघाले. पहिल्या फेरीत त्यांना घाम फुटला होता. दुसऱ्या फेरीत वारा सुटला. तिसऱ्या फेरीत असं झालं, की मावशी जरा जलद चालू लागली, खोगीर लयीत करकरू लागलं, कुंपणापलीकडची घरांची छपरं दिसू लागली, आणि हेडक्लार्कांना फार आनंद झाला. इतका, की त्यांना जरा लाज वाटली. सत्तावन्न वर्षांत आपण इतक्या उंचावरून काही पाहिलंच नाही, असं त्यांच्या मनात आलं. मग मावशी गव्हाणीशी येऊन थांबली.

त्यांनी पाय मागे नेला. पाय थांबला. त्यांनी तो पुढून आणून पाहिला. पोटावर आडवे होणार होते, पण समोर बावीस माणसं उभी होती आणि त्यातली अकरा त्यांच्या हाताखाली होती. अर्धा तास गेला. मोठ्या साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि अगदी सौम्यपणे विचारलं, "हेडक्लार्क, नापास लिहू का?"

"साहेब, नियमात वेळेची मर्यादा नाही," हेडक्लार्क वरून म्हणाले. "मी अजून उतरलेलो नाही. म्हणजे साहाय्य घेऊन उतरलो असंही म्हणता येत नाही. परीक्षा चालू आहे, आणि परीक्षा संपल्याशिवाय मंडळाला उठता येत नाही."

साहेबांनी नियमावली मागवली. तसंच होतं.

साडेअकराला खुर्च्या झाडाखाली सरकल्या. बाराला शिपाई कचेरीतून टपालाच्या फाईली घेऊन आला, कारण हेडक्लार्कांच्या सहीशिवाय टपाल निघत नसे. त्यांनी मावशीच्या मानेवर फाईल टेकवून सह्या केल्या आणि एका पत्रातली तारखेची चूकही काढली. एक वाजता बायको डबा घेऊन आली. डबा वर देणं हे साहाय्य होतं की नाही, यावर मंडळात चर्चा झाली. जेवणं म्हणजे उतरणं नव्हे, असा निर्णय हेडक्लार्कांनीच दिला आणि तो मान्य झाला. एकतीस वर्षांत प्रथमच त्यांचा डबा उघडल्यावर कुणी वाकून बघायला आलं नाही. बघायचं तर वर चढावं लागलं असतं.

दोनला ऊन कडक झालं. गुरांचे डॉक्टर खुर्चीतच झोपले. मोठे साहेब वर्तमानपत्र दुसऱ्यांदा वाचत होते. लोक सावलीला पांगले होते. हेडक्लार्कांच्या कमरेत कळ येत होती, मांड्या भरून आल्या होत्या, आणि आता त्यांना पदही नको होतं नि दारही नको होतं. पण खाली यायचं तर सगळ्यांसमोर "मला उतरवा" असं म्हणावं लागणार होतं, आणि तेवढे दोन शब्द त्यांच्या तोंडून बाहेर पडेनात.

तेव्हा त्यांना दिसलं, की आवकजावक खुर्चीवरून उठलाय. छातीशी नोंदवही धरलेली, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली. तो दहा पावलं यायचा आणि थांबायचा, पुन्हा पाच पावलं यायचा. मावशीने शेपूट हलवली की जागच्या जागी थिजायचा. असं करत करत तो अगदी जवळ येऊन पोचला, आणि त्याने डोळे गच्च मिटून बाटली वर धरली.

"तू कशाला आलास?" हेडक्लार्क म्हणाले.

"भाऊ, तुमचा चेहरा लालभडक झालाय. मघापासून बघतोय. पाणी घ्या जरा."

"लांब हो आधी. भीती वाटते ना तुला?"

"वाटते ना," आवकजावक डोळे मिटूनच म्हणाला. "तुम्ही लवकर प्या."

मावशीला सकाळपासून कुणी पाणी विचारलं नव्हतं. तिने मान वळवली आणि आपलं लांबलचक ओलं तोंड आवकजावकच्या खांद्यावर ठेवून एक मोठा श्वास त्याच्या कानात सोडला. आवकजावकने काय झालंय हे पाहायला डोळे उघडले, पाहिलं, आणि तो तोंडातून हूं की चूं न करता सरळ आडवा झाला, मावशीच्या पुढच्या पायांशी.

पुढचं हेडक्लार्कांना नीट सांगता येत नाही. त्याचं नाव घेऊन ते ओरडले, खरं नाव, जे आपल्याला आठवतंय हेही त्यांना माहीत नव्हतं. आणि मग ते खाली होते, गुडघ्यांवर, त्याचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं आणि पाठीने ते मावशीला मागे रेटत होते. मधलं काही आठवत नव्हतं. सगळे धावत आले. डॉक्टरांनी नाडी पाहिली, पाणी शिंपडलं, आणि भीतीने चक्कर आली, बाकी काही नाही, असं सांगितलं. मग कवायतीच्या शिट्टीसारखा लांब श्वास सोडून मोठे साहेब म्हणाले, "अहो हेडक्लार्क, तुम्ही खाली आहात."

हेडक्लार्कांनी आजूबाजूला पाहिलं. खरंच होतं. आणि कुठे खरचटलंसुद्धा नव्हतं.

टाळ्या पडायला सुरुवात झाली होती, पण मोठ्या साहेबांनी हात वर केला. प्रमाणपत्राच्या मसुद्यात लिहिलं होतं, 'उमेदवार उतरताना आम्ही स्वतः पाहिला'. साहेबांनी डॉक्टरांना विचारलं, पाहिलंत का? डॉक्टर पडलेल्या माणसाकडे पाहत होते. गुरांचे डॉक्टर झोपेतून उठत होते. साहेबांच्या तोंडापुढे वर्तमानपत्र होतं. बावीसच्या बावीस माणसं ओरडणं ऐकून आवकजावककडे पाहू लागली होती. बायकोसुद्धा. घोडेमास्तर म्हणाला, "मी घोडीकडे बघत होतो. ती ठीक होती."

"पाहिलं नाही, तर पाहिलं असं लिहू कसं?" साहेब अपराधी चेहऱ्याने म्हणाले. "असं लिहायचं नसतं, हे आम्ही तुमच्याकडूनच शिकलो. एक करा, पुन्हा एकदा चढा आणि तसेच उतरा. आता तर जमलंय तुम्हाला. दोन मिनिटांचं काम आहे."

हेडक्लार्कांनी मावशीकडे पाहिलं. ती ठोकळ्याशेजारी जाऊन उभी राहिली होती. मग त्यांनी आवकजावककडे पाहिलं. तो भिंतीला टेकून बसला होता, केसांतून पाणी निथळत होतं, आणि नोंदवही अजूनही त्याने छातीशी धरून ठेवली होती.

"नको साहेब," ते म्हणाले. "मी आत्ताच उतरलोय."

"पण मग जागा?"

"माझा अर्ज मागे घेतो. आणि पोटनियम चार रद्द करावा असं टिपण उद्या सकाळी तुमच्या टेबलावर ठेवतो. मग घोड्याचा प्रश्नच राहणार नाही, आणि याला अर्ज करता येईल."

साहेबांनी वर्तमानपत्राची घडी केली आणि मंडळ उठलं.

परतताना बायको पुढे गेली आणि हे दोघं मागून हळूहळू चालत राहिले, कारण एकाच्या पायात गोळे आले होते आणि दुसरा नुकताच शुद्धीवर आला होता. हेडक्लार्कांना आपली फार शरम वाटत होती. एवढी शरम त्यांना भिंतीवर बसूनही वाटली नव्हती.

"तुला एक सांगायचंय," शेवटी ते म्हणाले. "तो पोटनियम साहेबांना आपला आपण सापडला नाही. तो मी काढून दिला. तू घाबरतोस हे माहीत असून, तुला अडवायला."

"ठाऊक आहे, भाऊ," आवकजावक म्हणाला.

"ठाऊक आहे? कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. टिपण तुम्ही माझ्या टेबलावरूनच पाठवलंत ना. त्याच्यावर जावक क्रमांक मीच घातला." आणि त्याने तो क्रमांकही सांगितला.